जर्मनी : मास्टर्स करून जावं की थेट चान्सेनकार्ट? (मेकॅनिकल, वय २७)

पावसाळी_ढग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या. मी पुण्यातून मेकॅनिकल बी.ई., सीजीपीए ७.१, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे, चार वर्षं झाली. जर्मनीला जायचं डोक्यात खूप आधीपासून आहे पण घरच्या गोष्टी, मग प्रमोशन, मग अजून काहीतरी असं करत राहिलंच. जर्मन ए१ (भाषेची पहिली पातळी, पुढे ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात) झालंय, पुढे बंद पडलंय.

आता मला दोन रस्ते दिसतायत. एक म्हणजे दोन वर्षांचं मास्टर्स, आणि दुसरं ते चान्सेनकार्ट, म्हणजे तिकडे जाऊन वर्षभर नोकरी शोधायची. एका कन्सल्टन्सीत जाऊन आले, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत बर्लिनमधल्या एका खाजगी युनिव्हर्सिटीचं माहितीपत्रक हातात दिलं, म्हणाले जर्मन नाही आलं तरी चालतं, एपीएसचं (डिग्रीच्या तपासणीचं सर्टिफिकेट) आम्ही बघतो, फक्त सीट लवकर बुक करा. फी ऐकून बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, माझी सेव्हिंग सात लाखांच्या आसपास आहे.

प्रश्न असे की (१) दोन्हीपैकी काय बरं, (२) येत्या ऑक्टोबरला जाणं जमेल का, जानेवारी तर संपत आलाय, (३) कर्ज काढावं का. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. भाच्याचं घरी रोज हेच चालू आहे.

डिंकाचा_लाडू

मी केम्निट्झला मास्टर्स करतेय, तिसरं सेमिस्टर, तेव्हा ताजं ताजं सांगते. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ती खाजगी युनिव्हर्सिटी विसर. कन्सल्टन्सीवाले तेच का दाखवतात, तर तिथून त्यांना कमिशन मिळतं, सरकारी युनिव्हर्सिटी कोणाला दमडी देत नाही. सरकारी ठिकाणी बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाहीच, सेमिस्टरला साधारण शंभर ते चारशे युरो काँट्रिब्यूशन असतं आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचं तिकीटही येतं. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात (श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं वगैरे) युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, २०१७ पासून. आणि टेक्निकल युनिव्हर्सिटी ऑफ म्युनिकने २०२४ च्या विंटरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० लावलेत. म्हणून जुने व्हिडिओ बघून म्युनिक फुकट आहे असं धरून चालू नकोस.

पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं अजिबात नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात. युरो शंभरीच्या वर गेलाय, त्यामुळे हेच साडेबारा लाखांच्या आसपास झालं. ते पैसे तुझेच असतात, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे सुटतात. त्याशिवाय विमान, रूमचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याच्या चादरी-उशा-भांडी. मी म्हणेन पंधरा लाख जवळ असल्याशिवाय निघू नये. सात तुझ्याकडे आहेत म्हणजे अर्ध्यावर आलीसच.

दुसरं, एपीएस. शिकायला येणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, दिल्लीहून होतं, फी १८,००० रुपये. तुझ्या डिग्रीची कागदपत्रं खरी आहेत का आणि जर्मनीत शिकायला पुरेशी आहेत का एवढंच ते तपासतात. 'आम्ही बघतो' म्हणजे काय, फॉर्म तर तुलाच भरायचाय, कुरिअर तुलाच करायचंय! सीझनमध्ये वेळ लागतो, आणि बऱ्याच युनिव्हर्सिटी त्याशिवाय अर्जच घेत नाहीत. तू अजून केलं नसशील तर आजच कर, मास्टर्सला यायचं तर हे लागणारच.

तिसरं मार्क. इथे १.० सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपल्या सीजीपीएचं रूपांतर करायची रीत अशी : दहातून तुझा सीजीपीए वजा कर, त्याला (दहा वजा पासिंग ग्रेड) ने भाग, तीनने गुण, एक मिळव. पासिंग ४ असेल तर तुझं येतं २.४५. पासिंग ५ असेल तर २.७४. आता गंमत बघ, ढिगाने कोर्सेसना कट-ऑफ २.५ असतो. म्हणजे तुझं सगळं त्या पासिंग ग्रेडवर अडलंय. मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं, बघ आणि सांग.

पावसाळी_ढग

बाप रे, थँक यू ताई!! मार्कशीट बँकेच्या लॉकरमध्ये आहे, सोमवारी काढते. पण माझ्या आठवणीत ४ च आहे.

गिअरबॉक्स

मी इथे ऑटोमोटिव्हमध्येच आहे, श्टुटगार्टच्या जवळ, आठवं वर्ष. वरच्या ताईंनी ॲडमिशनचं छान सांगितलं, मी पुढचं सांगतो, जे थोडं कडू आहे.

तू टेस्टिंगमधली आहेस म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर इथल्या मोठ्या कंपन्या असणार. तर २०२४ च्या डिसेंबरमध्ये फोक्सवॅगनने युनियनशी करार केला, २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० जागा कमी करायच्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बॉशने आणखी १३,००० जाहीर केल्या. ZF सारख्या पार्ट बनवणाऱ्यांचं पण तेच, त्यांनी तर १४,००० पर्यंतचा आकडा आधीच सांगून ठेवलाय. हे सगळे एकाच वेळी बाहेर येतायत, अनुभवी, जर्मन बोलणारे, इथलेच. तू चान्सेनकार्टवर येऊन त्यांच्याच रांगेत उभी राहणार, ए१ जर्मन घेऊन. मला तुला घाबरवायचं नाहीये पण वर्षभरात रिकाम्या हाताने परत गेलेली मुलं मी बघितलीत, आणि हुशार मुलं होती.

आयटीवाले म्हणतील आमचं तर इंग्लिशवर चाललं. चाललं असेल. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये चालतं. आपल्या फील्डमध्ये वर्कशॉपला टेक्निशियन असतो, पंचावन्न वर्षांचा, त्याच्याशी दिवसभर बोलायचं असतं, टेस्ट रिपोर्ट जर्मनमध्ये, सेफ्टीचं ट्रेनिंग जर्मनमध्ये. जाहिरात इंग्लिशमध्ये असली तरी इंटरव्ह्यूची शेवटची पंधरा मिनिटं जर्मनमध्ये वळतात आणि तिथे लोक गळतात. बी२ असेल तर तू त्यांना उमेदवार वाटतेस, ए१ असेल तर फक्त अर्ज वाटतेस.

म्हणून माझं मत, मास्टर्स की चान्सेनकार्ट हा प्रश्न दुय्यम आहे. जर्मन किती येतं यावर दोन्ही रस्ते चालतात नाहीतर दोन्ही अडतात.

तिरकस

एक अडाणी प्रश्न. चार वर्षांचा अनुभव, घरून डबा, पुण्यात आईवडील, प्रमोशन झालेलं. तिकडे जाऊन सुपरमार्केटमध्ये बरण्या लावायच्या, डिसेंबरात चार वाजता अंधार, आणि परत वर कर्ज. नक्की कशासाठी? सगळे जातात म्हणून?

पावसाळी_ढग

@तिरकस, प्रश्न अडाणी नाहीये, आई पण हाच विचारते, फक्त जरा वेगळ्या शब्दांत आणि मग हळूच लग्नावर येते :) इथे मी जे टेस्ट करते त्याचं डिझाइन तिकडे झालेलं असतं, आमच्याकडे ड्रॉइंग येतं आणि आम्ही सांगायचं पास की फेल. का तसं केलंय हे विचारलं तर उत्तर दोन आठवड्यांनी ईमेलवर येतं, तेही एका ओळीत. मला त्या ईमेलच्या पलीकडच्या टोकाला बसायचंय. बरण्या लावायला लागल्या तरी लावीन.

तिरकस

हे पटलं. आता विरोध मागे. (सवयीने पुन्हा येईन.)

रिकामटेकडा

चान्सेनकार्टचे पॉइंट मी भाच्यासाठी काढले होते ते इथे चिकटवतो, सहा लागतात. वय ३५ च्या आत असेल तर २. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर २. इंजिनिअर टंचाईच्या यादीत आहेत त्याचा १. इंग्लिश सी१ असेल तर १. झाले सहा! म्हणजे जर्मनशिवायही तुमचं बसतंय. जर्मन ए२ ला १, बी१ ला २, बी२ ला ३ वरून अजून.

अर्धा_कप

रिकामटेकडा भाऊ, हिशोब बरोबर आहे पण यांना तो करायचीच गरज पडणार नाही बहुतेक. ज्याची डिग्री जर्मनीत पूर्ण मान्य आहे त्याला पॉइंट मोजत बसावं लागत नाही, तो थेट कुशल कामगार म्हणूनच कार्डाला पात्र ठरतो. हे बघायला अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे, तिथे आपली युनिव्हर्सिटी शोधायची, समोर एच प्लस (म्हणजे युनिव्हर्सिटी मान्य) हवं, आणि मग खाली आपली डिग्री 'समकक्ष' दाखवतात का बघायचं, दोन्हीच्या प्रिंट काढून ठेवायच्या. डिग्री तिथे नसेल तर बॉनच्या एका ऑफिसातून समकक्षतेचं पत्र काढता येतं, झाब म्हणतात त्याला, फी २०८ युरो. पॉइंटवालं गणित मुख्यतः अर्धवट मान्यता असलेल्यांसाठी किंवा डिप्लोमावाल्यांसाठी.

आणि ताई, एच प्लस असेल तर तुम्ही पुण्यात बसूनच नोकरीला अर्ज करू शकता, ब्लू कार्डवर (पदवीधरांचा नोकरीचा परवाना) थेट. २०२६ साठी पगाराची अट ५०,७०० युरो आहे, टंचाईच्या कामांना ४५,९३४. चान्सेनकार्ट घेऊन तिकडे राहायचा खर्च करण्याआधी इथून दोन-तीन महिने अर्ज टाकून बघायला काय हरकत आहे. कार्डावर आठवड्याला २० तास काम करता येतं हे खरं, पण २० तासांच्या पगारात म्युनिकमध्ये भाडं देऊन फारसं काही उरत नाही.

गिअरबॉक्स

अर्धा_कप यांना +१. पुण्यातून अर्ज टाक, जर्मन ढंगाचा सीव्ही बनवून, आणि उत्तरं काय येतात बघ. नकारसुद्धा कामाचा असतो, कुठे अडतंय ते दिसतं. आणि पगाराचा आकडा ऐकून हुरळू नकोस, ५०,००० ग्रॉस म्हणजे एकट्या माणसाला टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स सगळं कापून महिन्याला साधारण २,६०० ते २,७०० हातात. वाईट नाही, चांगलं राहता येतं. पण त्याला एकशेपाचने गुणून बाबांना सांगू नकोस, भाडं पण युरोतच जातं.

उंबरठा

मी या धाग्यावरचा सगळ्यात म्हातारा असणार. मुलगा २०२१ ला गेला, आता हॅनोव्हरला नोकरीत आहे. मी बाबांच्या बाजूने लिहितो.

पोरी, एक गोष्ट आधीच घरात स्पष्ट कर. बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशाला हात लावायचा नाही. ग्रॅच्युइटी, पीएफ येतं ना एकदम, तेव्हा आईबापाला वाटतं घालू हिच्यासाठी, आणि मुलांनाही वाटतं परत करू. करतीलही, पण मधली चार वर्षं कोणी आजारी पडलं तर? आमच्या ओळखीत झालंय असं, म्हणून बोलतो.

कर्ज काढ, तुझ्या नावावर. सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर साधारण तारण मागतात, घराचे कागद वगैरे, आणि तुला साधारण तेवढंच पाहिजे. सरकारी बँक वेळ लावते, खेटे घालायला लागतात, मॅनेजरची बदली होते, सगळं होतं. पण खाजगी फायनान्स कंपनीचा व्याजदर एकदा शेजारी ठेवून बघ म्हणजे खेटे घालायला उत्साह येईल. कोर्स चालू असताना हप्ता नसतो पण व्याज चढत असतं, जमलं तर ते महिन्याच्या महिन्याला भरत राहावं. आमच्या मुलाने पार्टटाइममधून तेवढंच भरलं. व्याजावर ८०ई खाली आठ वर्षं सूट मिळते, जुन्या टॅक्स पद्धतीत असशील तर. आणि कर्जाचे पैसे बाहेर पाठवताना आता टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो टॅक्स) कापत नाहीत, स्वतःचे पाठवले तर दहा लाखांच्या वर लागतो, तेव्हा कुठले पैसे कुठल्या वाटेने जातात ते सीएला विचारून घे.

जाता जाता, इथे वाचणारं कोणी अनुसूचित जातीतलं असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे मास्टर्स आणि पीएचडीसाठी, समाजकल्याणकडे जाहिरात निघते. हक्काचं आहे, अर्ज करा.

पावसाळी_ढग

काका, हे बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले कोण आहेत हे, विचार त्यांना मुलगा जेवतो काय तिकडे.

उंबरठा

हाहा. शिकत होता तेव्हा दुपारी युनिव्हर्सिटीच्या मेन्झामध्ये (कँटीन), रात्री खिचडी. आता बरा स्वयंपाक करतो, आमच्या सूनबाई खूश आहेत.

सिस्टर_इन_हेसन

थोडं अवांतर पण कोणाला उपयोग होईल. मी नर्स आहे, सांगलीकडची, हेसनमध्ये हॉस्पिटलला. आमच्या लाइनमध्ये मागणी खरंच आहे, पण रजिस्ट्रेशनसाठी बी२ लागतं आणि डिग्रीची मान्यता वेगळी, एक तर परीक्षा द्या नाहीतर तिकडे काही महिने ट्रेनिंग करा. तोपर्यंत पगार असिस्टंटचा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल माणसं पाठवायचा करार केला तेव्हा गावाकडे सगळे म्हणत होते आता दहा हजार पोरं जाणार. करार एक आणि बी१-बी२ पास होणं एक. माझ्या बॅचमधल्या अर्ध्या मुली ए२ ला सोडून गेल्या कारण नोकरी करून रात्री क्लास, होत नाही हो. धागावाल्या ताईंना हेच सांगायचंय, जर्मन नोकरीच्या उरलेल्या वेळात होत नाही, वेळ काढूनच करायला लागतं. पैसे घेऊन जॉब लावतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, इथे हॉस्पिटल स्वतः खर्च करतं.

पावसाळी_ढग

मार्कशीट मिळाली. पासिंग ४ च आहे!! म्हणजे २.४५. देव पावला.

आता सगळ्यांचं वाचून माझ्या डोक्यात असं येतंय की हा ऑक्टोबर सोडायचा आणि पुढच्या वर्षीचा धरायचा, तोपर्यंत बी१ पक्कं, जमलं तर बी२. पण मग मी २८ ची होईन, सव्वीस-सत्तावीसच्या मुलांमध्ये बसणार. उशीर होतोय का?

डिंकाचा_लाडू

वर्गात वयाचं कोणी विचारत नाही, माझ्या बाजूला ३४ वर्षांचा एक ब्राझीलचा बसतो. पण वयाचा एक व्यवहारी मुद्दा आहे, तो कोणी सांगत नाही. स्टुडंट हेल्थ इन्शुरन्सचा स्वस्त दर तिशीपर्यंतच असतो, आत्ता महिन्याला साधारण १४०-१५० युरो. तिशी उलटली की ऐच्छिक सभासद म्हणून दोनशेच्या वर जातो. आणि तिशीनंतर पहिल्यांदाच येणाऱ्याला सरकारी विम्यात शिरणंच अवघड. तू २८ ला आलीस तर बहुतेक कोर्स त्याच्या आत जातो, शेवटचं सेमिस्टर महाग पडेल कदाचित. (चार सेमिस्टरचा कोर्स पाचात होणं हे इथे नॉर्मल आहे, घरी आधीच सांगून ठेव.) म्हणजे एक वर्ष थांबलीस तर चालेल, दोन नको.

थांबण्यात तोटा वाटत असेल तर हे बघ. स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२४ च्या मार्चपासून, आधी १२०-२४० होते. युनिव्हर्सिटीतच असिस्टंट म्हणून काम मिळालं तर ते त्या दिवसांत धरतही नाहीत. किमान वेतन आता १३.९० युरो तासाला. आता हेच तास वेअरहाउसमध्ये घालायचे की एखाद्या इंजिनिअरिंग कंपनीत वर्किंग स्टुडंट म्हणून, हे जर्मनवर ठरतं. माझ्या बॅचमध्ये जे बी१ घेऊन आले ते दुसऱ्या सेमिस्टरला कंपनीत लागले, थीसिस तिथेच. मी ए२ वर आले होते, मला एक वर्ष जास्त लागलं. पैसे सारखेच मिळत होते म्हणा, पण सीव्हीत काय लिहिणार, बॉक्स उचलले?

डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, चान्सेनकार्टपेक्षा जास्त, आणि तुला इथली डिग्री, इथला थीसिस, इथले प्रोफेसर पाठीशी. शिवाय नव्या पदवीधराला ब्लू कार्डची ती कमी पगाराची अट लागू होते. सगळा हिशोब मांडला तर तुझ्यासाठी मास्टर्स.

तिरकस

मी परत आलो. मग कोर्स इंग्लिशमध्ये आणि जर्मन वेगळं, असं दोन-दोन ओझी कशाला? कोर्सच जर्मनमध्ये घ्यावा की.

गिअरबॉक्स

घेऊ शकतो, पण त्याला साधारण सी१ लागतं. पुण्यात बसून एका वर्षात ए१ वरून सी१, नोकरी सांभाळून? ज्याने केलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. इंग्लिश कोर्स आणि काही विषय जर्मनमध्ये असे मिश्र कोर्स असतात, डाडच्या (परदेशी विद्यार्थ्यांसाठीची जर्मन संस्था) वेबसाइटवर कोर्सची भाषा निवडून शोधता येतं, ते बरे. गर्दीही कमी असते तिथे. शंभर टक्के इंग्लिश मेकॅट्रॉनिक्सला सगळा भारत अर्ज करतो, २०२२-२३ पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपणच पहिले आहोत, चीनला मागे टाकून.

कोरी_वही

जर्मन पुण्यात मॅक्सम्युलर भवनला करा नाहीतर रानडे इन्स्टिट्यूटला. मॅक्सम्युलरचे इंटेन्सिव्ह कोर्स नोकरीवाल्यांना झेपत नाहीत, वीकएंडचे निवडा. परीक्षेच्या सीट उघडल्या की लगेच भरतात, त्यावर डोळा ठेवा. बी१ ची परीक्षा चार भागांत असते, एखादा भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

अर्धा_कप

घराबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. ॲडमिशन लेटर आलं की त्याच दिवशी स्टुडिएरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची होस्टेलं, कँटीन चालवणारी संस्था) होस्टेलला अर्ज टाका, व्हिसाची वाट बघत बसू नका. म्युनिकसारख्या ठिकाणी यादी काही सेमिस्टरची असते, केम्निट्झ, माग्डेबुर्गला लवकर लागतं. बाहेर खोली बघताना जाहिरातीत काल्टमिटे लिहिलेलं असेल तर हीटिंग, पाणी, कचरा त्यात नाही, वार्ममिटे (हे धरून भाडं) बघून बजेट करा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमिटे घेता येतं, कायदाच आहे. आणि 'मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असा मेल आला की बंद करा, तो घरमालक नाही. खोली स्वस्त आणि फोटो सुंदर असेल तर आणखीच लवकर बंद करा.

दुसरं, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. काही जण खोली देतात पण नोंदणी करू देत नाहीत. अशी खोली घेऊ नका, कारण टॅक्स नंबर, रेसिडन्स परमिट, सगळं त्या कागदावर लटकलेलं असतं.

डिंकाचा_लाडू

+१००. माझी होस्टेलची खोली तीनशेच्या आत आहे, म्युनिकमधल्या मैत्रिणीची सातशेला. ब्लॉक्ड अकाउंटमधून दोघींनाही ९९२ च सुटतात. शहर निवडताना रँकिंगच्या शेजारी भाडं पण लिहीत जा.

पावसाळी_ढग

सगळ्यांची खूप आभारी आहे, खरंच. तर ठरलं ते असं. एपीएसचा अर्ज या आठवड्यात. वीकएंडच्या ए२ ला नाव घातलं, पुढच्या महिन्यात सुरू. ऑक्टोबर २०२७ साठी आठ-नऊ युनिव्हर्सिटीची यादी करणार, निम्म्या तरी पूर्वेकडच्या, भाडं कमी म्हणून. तोपर्यंत नोकरी चालू, महिन्याला जमेल तेवढं बाजूला, म्हणजे कर्ज कमी काढावं लागेल. अर्धा_कप म्हणतात तसं मधे पाच-पंचवीस ठिकाणी थेट अर्ज पण टाकून बघणार. कन्सल्टन्सीचा रोज फोन येतोय, सीट संपतेय म्हणे.

अजून एक, राजीनामा कधी द्यायचा? आमच्याकडे नोटीस तीन महिने आहे.

गिअरबॉक्स

सीट २०३० पर्यंत संपत नाही त्यांची. राजीनामा व्हिसा हातात आल्यावर, त्याआधी नाही. पूर्वी व्हिसा नाकारला तर त्याच ऑफिसला फेरविचाराचा अर्ज करता यायचा, १ जुलै २०२५ पासून ते बंद झालंय, आता नवीन अर्ज किंवा थेट बर्लिनचं कोर्ट. म्हणून फाइल पहिल्याच वेळी नीट जायला हवी. नोटीस पिरियड कमी करायचं एचआरशी आधी बोलून ठेव, आणि अनुभवाच्या दाखल्यावर नुसती तारीख नको, काय काम करायचीस ते चार ओळी लिहून घे, इथे ते वाचतात.

डिंकाचा_लाडू

आणि एपीएसचा फॉर्म भरायच्या आधी नाव तपास. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि खाली आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, कोणाचं वडिलांचं नाव त्यात असतं कोणाचं नसतं. मी सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरलं.

पावसाळी_ढग

माझ्या पासपोर्टात वडिलांचं नाव नाहीचे! मार्कशीटवर आहे. चालेल का हे?

कोरी_वही

माझं पण असंच होतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट इंग्लिशमध्ये करून नोटरी केलं आणि प्रत्येक अर्जासोबत त्याची कॉपी जोडली, कोणी काही विचारलं नाही. तुमच्याकडे दीड वर्ष आहे आणि पासपोर्ट रिन्यूला आला असेल तर मात्र त्यातच वडिलांचं नाव घालून घ्या. एपीएसला आणि युनिव्हर्सिटीला वेगवेगळे पासपोर्ट नंबर जाणार नाहीत एवढं बघा, म्हणजे आधी पासपोर्ट, मग एपीएस.

पावसाळी_ढग

सप्टेंबरला संपतोय पासपोर्ट. मग आधी तोच. एपीएस दोन आठवडे पुढे ढकलते.